जुना संगणक पुन्हा कामाला लावूया : ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने कशी टाकावी?



बहुतेक शाळांत आणि घरांत एक तरी असा संगणक असतो, ज्याच्यावर आता फक्त प्लास्टिकचं कव्हर आणि धूळ असते. बटण दाबलं की चालू व्हायला दहा मिनिटं लागतात. एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मग कोणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून टाका, नव्यासारखा होईल." हा सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. पण तो अर्धा सल्ला आहे. उरलेला अर्धा मी कसा शिकलो ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला संगणक खूप हळू झाला होता. आम्ही तो तालुक्याच्या गावी एका दुकानात दिला. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा अगदी भन्नाट वेगात चालत होता. सगळे खूश! चार दिवसांनी मुलांच्या एका प्रकल्पाची आठवण झाली. चौथीच्या मुलांनी आपापल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून आणल्या होत्या आणि आम्ही त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. तो फोल्डर गेला होता. दुकानदाराने विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं. त्यातल्या दोन आजी तोपर्यंत वारल्या होत्या. त्यांचा आवाज पुन्हा कुठून आणणार?

म्हणून आजच्या पाठात 'विंडोज कसं टाकायचं' याच्या आधी 'काय जाऊ द्यायचं नाही' हे शिकायचं आहे. चला तर मग, सुरुवात करूया.

१) ऑपरेटिंग सिस्टीम आणि 'फॉरमॅट' म्हणजे नेमकं काय?

संगणकाचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर हे सगळे भाग एकमेकांशी स्वतःहून बोलत नाहीत. त्यांच्यात समन्वय ठेवणारी मुख्य प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. शाळेत मुख्याध्यापक वर्ग, तास, खोल्या, साहित्य यांची वाटणी करतात, तसंच ती कोणत्या प्रोग्रॅमला किती रॅम द्यायची, कोणती फाईल डिस्कवर कुठे ठेवायची हे ठरवते. विंडोज, लिनक्स, मॅक ओएस ही त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत.

आता फॉरमॅट. एखाद्या पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकली तर धडे पुस्तकातच असतात, पण कोणता धडा कोणत्या पानावर आहे हे कळत नाही. झटपट फॉरमॅट म्हणजे साधारण हेच. डिस्कवरची अनुक्रमणिका कोरी होते आणि संगणक समजतो की सगळी पाने रिकामी आहेत. मग तो त्या पानांवर नवीन मजकूर लिहू लागतो. नवीन मजकूर जिथे लिहिला जातो तिथला जुना मजकूर कायमचा जातो.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. चुकून फॉरमॅट झालंच, तर संगणक लगेच बंद करा आणि वापरू नका. हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून टेस्टडिस्क किंवा फोटोरेक यांसारख्या मोफत प्रोग्रॅमने बऱ्याच फाईली परत मिळू शकतात. आम्ही मात्र ते चार दिवस संगणक जोरात वापरला होता. काही फोटो मिळाले, ओव्या मिळाल्या नाहीत. आणि डिस्क जर एसएसडी असेल तर पुसलेली जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते, त्यामुळे तिथे आशा आणखी कमी.

२) आधी तपासा : खरंच नवीन सिस्टीम टाकायची गरज आहे का?

प्रत्येक हळू संगणकाचं दुखणं सिस्टीममध्ये नसतं. पुढच्या चार गोष्टी आधी बघा.

*धूळ आणि उष्णता :* कॅबिनेट उघडा (आधी वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा). प्रोसेसरवरचा पंखा धुळीने भरला असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मऊ ब्रशने धूळ काढा. पाण्याचं फडकं लावू नका.

*रॅम :* बटण दाबल्यावर स्क्रीन काळीच राहून नुसता बीप-बीप आवाज येत असेल, तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि नीट 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. कित्येक 'बंद पडलेले' संगणक एवढ्यावर चालू होतात.

*घड्याळाचा सेल :* रोज संगणक चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसते का? मग मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. त्याचा नंबर बहुधा सीआर २०३२ असतो आणि घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. तारीख चुकीची असेल तर वेबसाईटची सुरक्षा तपासणी फसते आणि साईट उघडत नाहीत. लोक याला नेट खराब झालं समजतात!

*हार्ड डिस्क :* क्रिस्टल डिस्क इन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत सांगतो. निळा 'गुड' दिसला तर ठीक. पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसला, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर त्याच डिस्कवर नवीन सिस्टीम टाकण्यात अर्थ नाही. आधी डेटा काढून घ्या, मग डिस्क बदला.

डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडी घ्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते आणि सुई जागा शोधत फिरते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नाही. ऑफिसच्या कामासाठी १२० किंवा २४० जीबीची सुद्धा पुरते. माझा अनुभव असा की जुन्या संगणकात एवढा एकच बदल केला तरी माणसाला वाटतं मशीनच बदललं. रॅम वाढवायची असेल तर मात्र आहे ती काढून दुकानात सोबत न्या. डीडीआर २ च्या जागी डीडीआर ३ बसत नाही, दोघींच्या खाचा वेगळ्या असतात.

३) बॅकअप : या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग

बरेच जण म्हणतात, "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, मला काळजी नाही." थांबा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चारही फोल्डर मुळात सी ड्राइव्हमध्येच असतात. डेस्कटॉपवर समोर दिसतं म्हणून ते सुरक्षित आहे असं नाही. उलट सगळ्यात आधी तेच जातं.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या आणि वही-पेन घेऊन बसा. ही यादी एकेक करून टिक करा :

• डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओ हे फोल्डर. संगणकावर दोन-तीन जणांची खाती असतील तर प्रत्येक खात्याचे वेगळे.
• ब्राउझरमधील बुकमार्क आणि जपून ठेवलेले पासवर्ड. पोर्टलचे पासवर्ड 'संगणकालाच माहीत आहेत' अशी अवस्था असेल तर आधी ते लिहून काढा.
• प्रिंटर, स्कॅनरची मॉडेल नावे. नंतर ड्रायव्हर शोधताना लागतात.
• वापरत असलेल्या प्रोग्रॅमची यादी आणि त्यांच्या नोंदणी-किल्ल्या. प्रोग्रॅम नुसता कॉपी करून चालत नाही, तो पुन्हा इन्स्टॉल करावा लागतो. त्यातला डेटा मात्र कॉपी करता येतो.
• मराठी फॉन्ट. हे जवळजवळ सगळे विसरतात.

फॉन्टबद्दल थोडं सविस्तर. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टमध्ये टायपिंग करायचो. त्या फाईलींत खरं तर 'क', 'ख' साठवलेले नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा पोशाख घालतो. फॉन्ट गेला की पोशाख गेला आणि दाखला उघडला की समोर अगम्य चिन्हांची रांग दिसते. तेव्हा सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरच्या आत असलेला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. वेळ मिळेल तसा हा जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणं सर्वांत चांगलं.

कॉपी झाल्यावर लगेच खूश होऊ नका. बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि पाच-सात फाईली प्रत्यक्ष उघडून बघा. उघडून पाहिलेला बॅकअप हाच खरा बॅकअप. आणि ज्या गोष्टी पुन्हा मिळणारच नाहीत, त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

"पण आमचं विंडोज चालूच होत नाही, मग बॅकअप कसा घेणार?" चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर पाचव्या मुद्द्यात येईल.

४) कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची?

इथे भावनेपेक्षा तारखा बघाव्यात. विंडोज एक्सपीला सुरक्षा अपडेट देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं. विंडोज ७ चं १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो चालतो, पण नवीन सापडलेल्या भोकांना ठिगळ लावायला कोणी येत नाही. असा संगणक इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे किंवा पोर्टलचे व्यवहार करणं धोक्याचं.

मग विंडोज ११? त्याला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. म्हणजे दहा-बारा वर्षं जुने संगणक यात बसत नाहीत. युक्त्या करून टाकता येतं असं व्हिडिओत दाखवतात, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नसते.

उरतो लिनक्सचा मार्ग. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि जगभरातल्या लोकांनी तो वाढवला. तो मोफत आहे आणि मोकळाही आहे : वापरा, वाटा, बदला. केरळमधील सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून लिनक्सवर संगणक शिक्षण चालतं. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. विंडोजची सवय असलेल्या माणसाला लिनक्स मिंट जवळची वाटते. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, तसाच टास्कबार. तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर छान चालते. मात्र प्रोसेसर ६४ बिट हवा.

तोटेही सांगायला हवेत. विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. एखाद्या कामाला विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीची किल्ली लागत असेल तर ते काम दुसऱ्या संगणकावर ठेवा. पत्रं, तक्ते, प्रेझेंटेशन यांसाठी लिबर ऑफिस सोबतच येतं आणि त्यात वर्ड-एक्सेलच्या फाईली उघडतात. मांडणी क्वचित थोडी हलते.

एक विनंती. 'क्रॅक' केलेलं विंडोज टाकू नका. त्याला चालू करण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच ओळखा. घरात कोण शिरतंय हे कळू नये म्हणून कुत्र्याला आधी बांधून ठेवायला सांगण्यासारखं आहे ते! मूळ विंडोज १० एकदा चालू झालेलं असेल तर त्याची नोंद त्या मदरबोर्डशी जोडलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकताना 'माझ्याकडे किल्ली नाही' हा पर्याय निवडला तरी इंटरनेट जोडल्यावर ते बहुधा आपोआप सुरू होतं.

५) पेनड्राइव्ह तयार करणे

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह इथे वापरू नका. (हसू नका, असं होतं.)

दुसऱ्या चांगल्या संगणकावर लिनक्स मिंटच्या अधिकृत साईटवरून आयएसओ फाईल उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते. रूफस हा मोफत प्रोग्रॅम उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा आणि 'स्टार्ट' दाबा. आयएसओ फाईल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून भागत नाही. संगणकाला त्यावरून सुरू होता आलं पाहिजे, आणि ती व्यवस्था रूफस करतो.

आता जुना संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावा. चालू करताच कंपनीचं नाव दिसतं त्या क्षणी बूट मेनूचं बटण टक-टक दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरमध्ये ते बहुधा एफ १२ असतं, एचपीमध्ये एफ ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप दिसेल. गंमत म्हणजे अजून काहीच इन्स्टॉल झालेलं नाही. सगळं पेनड्राइव्ह आणि रॅमवर चाललंय. इथे नेट चालतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे निवांत तपासा. आणि मघाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. विंडोज चालू होत नसलं तरी इथून फाईल मॅनेजर उघडला की विंडोजची डिस्क दिसते. त्यातल्या फाईली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. आमच्या वेळी हे माहीत असतं, तर!

६) इन्स्टॉल करताना : ही एक चूक टाळा

डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' चिन्ह उघडा. भाषा, कीबोर्ड निवडा. मग एक पान येईल ज्यावर प्रामुख्याने दोन पर्याय असतात :

• विंडोजच्या शेजारी टाका : विंडोज राहील, चालू करताना कोणतं हवं ते विचारेल. नवशिक्यांसाठी आणि जागा शिल्लक असेल तर हा चांगला.
• डिस्क पुसून टाका : याचा अर्थ *संपूर्ण* डिस्क. सी, डी, ई, सगळे ड्राइव्ह जातात. 'डी ड्राइव्हला काही होत नाही' ही समजूत इथे खोटी ठरते.

विंडोजच पुन्हा टाकत असाल तरी सावध राहा. तिथे 'कस्टम' पर्याय निवडल्यावर पार्टिशनची यादी येते, पण त्यात सी, डी अशी नावं दिसत नाहीत. दिसतं फक्त 'पार्टिशन १, २, ३' आणि त्यांचा आकार. म्हणून सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवा : सी किती जीबीचा, डी किती जीबीचा. दोन्ही सारख्याच आकाराचे असतील तर ड्राइव्हना आधी ओळखता येईल असं लेबल द्या. खात्री नसेल तर पुढे जाऊ नका, रद्द करा. रद्द करण्यात कमीपणा नाही.

बाकी काम संगणक करतो. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. एवढा वेळ वीज टिकेल का ते बघा. यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या वेळा सोडून बसा. संगणक पहिल्यांदा रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढा. तो तसाच राहिला तर इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं.

७) टाकून झाल्यावर

सर्वप्रथम तारीख-वेळ तपासा, मग नेट जोडून सगळी अपडेट घ्या. प्रिंटर जोडा. जुने फॉन्ट परत टाका. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत मराठी जोडून घ्या. इनस्क्रिप्ट येत असेल तर उत्तम, तीच मांडणी विंडोज, लिनक्स आणि मोबाईल तिन्हीकडे मिळते. मुलांसाठी वेगळं साधं खातं करा, म्हणजे कोणी चुकून काही काढून टाकणार नाही. मगच बॅकअपमधल्या फाईली परत आणा. आणि बॅकअपची डिस्क रिकामी करू नका! किमान महिनाभर ती तशीच राहू द्या. विसरलेली फाईल नेहमी तिसऱ्या आठवड्यात आठवते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी धूळ, रॅम, सेल, डिस्क तपासा. सिस्टीम शेवटी.
२. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग आहे.
३. फॉन्ट आणि पासवर्ड विसरू नका.
४. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.
५. 'डिस्क पुसा' म्हणजे सगळी डिस्क.
६. चूक झालीच तर संगणक लगेच बंद.

करून बघा

हा उपक्रम सातवी-आठवीच्या मुलांसोबत जरूर करा. त्यांना कॅबिनेट उघडून रॅम, डिस्क, सेल ओळखू द्या. बॅकअपची यादी त्यांनाच करायला सांगा आणि शेवटी विचारा, "यातलं काय पुन्हा विकत मिळेल आणि काय मिळणार नाही?" विंडोज पुन्हा मिळतं. हार्ड डिस्क पुन्हा मिळते. दुसरी यादी मुलं स्वतःच काढतात.

त्या प्रसंगानंतर आम्ही ओव्या पुन्हा गोळा केल्या. ज्या आजी आहेत त्यांच्याकडून. आता त्या तीन ठिकाणी ठेवलेल्या आहेत आणि तो जुना संगणक मिंटवर मजेत चालतोय. दुपारच्या सुट्टीनंतर मुलं त्यावरच ऐकतात.

तुमच्या कोपऱ्यातल्या संगणकावरचं कव्हर या रविवारी काढून बघा. पण पेनड्राइव्ह लावण्याआधी आपल्या डेस्कटॉपवर काय काय आहे ते एकदा शांतपणे बघा.